डाव्या चाकाचे बोल्ट

मजीदसेठच्या डिसोटोला भिवंडीत कुणी गाडी म्हणत नसे. नाक्यावरच्या म्हाताऱ्यापासून लूमवरच्या बिहारी कारागिरापर्यंत सगळे तिला नावानेच ओळखत. आणि डिसोटो म्हटलं की तिच्यामागे लतीफभाईचं नाव यायचंच. गाडी सेठची, पण कौतुक लतीफभाईचं, असा तो हिशेब होता, आणि खुद्द लतीफभाईंना तो मनापासून मान्य होता.

लतीफभाई तिचे ड्रायव्हर आणि मेकॅनिकही; एरवी स्वतःचं छोटं गॅरेज चालवत. एकावन्न साली सेठच्या वडिलांनी ती नवी कोरी घेतली. त्यानंतर सहा वर्षांनी, विशीतला लतीफ मुंबईला ग्रँट रोडच्या एका उस्तादाकडून काम शिकून आला आणि तिला चिकटला तो चिकटलाच. कुणी नुसतं विचारायचा अवकाश, की ते बॉनेटवर हात ठेवून तिची कुळकथा सुरू करायचे. अमेरिकेत डेट्रॉइट म्हणून गाव आहे, तिथली ही. सुटे भाग बोटीने यायचे आणि कुर्ल्याच्या कारखान्यात जोडले जायचे. अठ्ठावीस साली हे नाव बाजारात आलं आणि साठ साली खुद्द मालकांनीच ते बंद करून टाकलं. त्या दिवसापासून जगात एकही नवी डिसोटो झाली नाही.

"मग पार्ट कुठून आणता, भाई?" असा प्रश्न यायचाच.

"अरे, डॉज आहे, प्लिमथ आहे, एकाच घरातल्या सगळ्या," लतीफभाई म्हणायचे. "आई गेली तर मावश्या लेकराला टाकतात काय?"

आणि लेकरू खरंच गुणी होतं. सहा सिलिंडरचं ते साधंसुधं इंजिन छत्तीस वर्षांत एकदाही रस्त्यात रुसून बसलं नाही. त्यामुळेच सेठच्या वडिलांनी घातलेला एक पायंडा पुढे चालू राहिला. भिवंडीपासून अंजूरपर्यंतच्या कुठल्याही गावात बाई अडली, की माणूस सायकल मारत सेठच्या लूमच्या कारखान्यावर यायचा आणि डिसोटो निघायची. जात विचारायची नाही, पैशाचा विषय काढायचा नाही. लतीफभाईंनी अशा किती बायका दवाखान्यात पोचवल्या, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. दोघींची बाळंतपणं तर मागच्या सीटवरच झाली. त्यातला एक मुलगा पुढे ट्रक चालवू लागला, हे ते मोठ्या अभिमानाने सांगत.

इतकं सगळं सांगणारा हा माणूस एक गोष्ट मात्र कधीच कुणाला सांगत नसे.

डिसोटोच्या डाव्या बाजूच्या चाकांचे बोल्ट उलट्या आट्यांचे होते. जगातले बाकीचे बोल्ट ज्या बाजूला फिरवले की सुटतात, त्या बाजूला हे फिरवले की आणखी आवळतात. उजव्या बाजूचे सरळ, डाव्या बाजूचे उलटे. गाडी पुढे धावताना चाकाच्या फिरण्याने बोल्ट ढिले पडू नयेत, म्हणून बनवणाऱ्यांनीच केलेली ही सोय होती. आणि ती कळावी म्हणून प्रत्येक डाव्या बोल्टाच्या डोक्यावर इंग्रजी एल अक्षर कोरलेलं होतं.

लतीफभाईंना हे त्यांच्या उस्तादाने सांगितलं नव्हतं. उस्तादाने त्यांना अशाच एका गाडीचं डावं चाक खोलायला लावलं आणि स्वतः चहा पीत बसले. लतीफने अर्धा दिवस घाम गाळला, तळहाताला फोड आणले, सगळ्या गल्लीचं हसं करून घेतलं, तेव्हा कुठे उस्ताद उठले आणि दोन बोटांनी पाना उलटा फिरवून दाखवला. हुन्नर तोंडाने द्यायचा नसतो, ज्याला हवा त्याने तो कमवायचा असतो, अशी त्या लोकांची रीत. लतीफभाईंनी ती जशीच्या तशी उचलली. दुसऱ्या मेकॅनिकांनी डाव्या चाकाशी झटून हात टेकावेत आणि मग शेवटी "लतीफभाईला बोलवा" म्हणावं, यात त्यांना फार गोडी वाटायची. दर ईदला ते चाकांना काळा रंग मारत, तो बोल्टांवरही जाड बसायचा. रंग शोभेसाठी होता की त्या अक्षरासाठी, हे त्यांनी स्वतःलाही कधी विचारलं नव्हतं.

सेठचा टेम्पो चालवणारा रामनाथ म्हणून एक तरुण होता. सुताच्या बीमा, म्हणजे लूमवर चढवायची मोठाली रिळं, वाहायचा. हाताने दणकट आणि स्वभावाने सरळ. त्याने एकदा विचारलंसुद्धा होतं.

"भाई, ह्या डाव्या चाकाचं काय हाय ते सांगा ना. कवा माझ्यावर येल गाडी न्यायची."

लतीफभाई हसले होते. "माझ्यासारखे केस पिकू दे, मग सांगतो."

सत्त्याऐंशीच्या एप्रिलात लतीफभाई बहिणीकडे, आबिदाकडे, रेवदंड्याला गेले. तिच्या मुलीचा निकाह होता. ते तिथे मांडवात पंगती उठवत होते, त्याच दुपारी इकडे अंजूरहून सायकल आली. केसरीनाथभाऊंची सून कमळ अडली होती. पहिलटकरीण, आणि नवरा मुंबईला गोदीत ड्युटीवर. सेठने रामनाथच्या हातात डिसोटोची किल्ली दिली.

रामनाथने गाडी अंजूरला झकास आणली. कमळला मागे निजवलं, शेजारी तिची सासू, पुढे केसरीनाथभाऊ. मानकोलीच्या अलीकडे, दोन्ही बाजूंना नुसती उन्हाळी शेतं, माणूस ना काणूस, अशा जागी मागचं डावं टायर फुटलं. फाटून चाकात गुंडाळलं गेलं, त्यामुळे गाडी तशीच रेटायचीही सोय उरली नाही. रामनाथ घाबरला नाही. टायर बदलणं हा त्याच्या डाव्या हाताचा खेळ. "धा मिनटं, भाऊ," म्हणत त्याने जॅक लावला.

बोल्ट हलेना. त्याने पान्यावर पाय दिला. मग डिकीतला लोखंडी पाईप पान्यात घालून सगळं अंग टाकलं. जितका जोर जास्त, तितका बोल्ट घट्ट. मागच्या सीटवर कमळ ओरडत होती आणि प्रत्येक ओरडण्याबरोबर रामनाथ पाईपवर जास्त लोंबकळत होता. एका बोल्टाचं डोकं तुटलं. मग दुसऱ्याचं. केसरीनाथभाऊ भर उन्हात रस्त्यावर मधोमध हात पसरून उभे राहिले. दीड तासाने विटांचा एक ट्रक आला.

कमळ वाचली. मूल नाही वाचलं. मुलगा होता. अर्धा तास आधी आणली असती तर, असं डॉक्टर म्हणाले, आणि ते सगळ्यांनी ऐकलं.

तिसऱ्या दिवशी लतीफभाई परतले, तेव्हा डिसोटो तिथेच रस्त्याच्या कडेला जॅकवर उभी होती. सेठ होते, केसरीनाथभाऊ होते, गावातले चारपाच जण होते. एका बाजूला रामनाथ उकिडवा बसला होता. लतीफभाई चाकाशी वाकले. दोन बोल्ट तुटलेले. उरलेल्या तीन बोल्टांवरचा काळा रंग पान्याने खरवडून निघाला होता आणि तिन्हींवर एल अक्षर लख्ख दिसत होतं. दिसत होतं ते फक्त त्यांना. बाकीच्यांना ती एक रेघोटी.

काय झालं ते त्यांना सांगायला कुणाची गरज नव्हती.

"भाई," रामनाथ खालच्या आवाजात म्हणाला, "माझीच चूक झाली का वं? लई जोर लावला मी. का गंजले व्हते बोल्ट?"

सगळे लतीफभाईंकडे बघत होते. खरं बोलायची ती वेळ होती. आणि छत्तीस गावांत मान असलेल्या त्या माणसाने मान वर न करता म्हटलं, "हो. गंजले होते."

झालं. लोकांना तेवढंच हवं होतं. "जुनी गाडी ती. कंपनीच बुडाली, तिथं गाडीचा काय भरवसा," कुणीतरी बोललं. सेठ म्हणाले, "बस्स झाली हिची सेवा. कुर्ल्याला भंगारात देऊन टाकू." केसरीनाथभाऊंनी डिसोटोकडे एकदा पाहिलं आणि पाठ फिरवली.

गाडी ट्रकवर चढवून लतीफभाईंच्या गॅरेजात आणली. भंगारवाला आठ दिवसांनी येणार होता. रोज सकाळी लतीफभाई शटर वर करायचे आणि तिच्याकडे न बघता दुसरी कामं करायचे. जिने कधी दगा दिला नाही, तिच्या माथी ते दगा मारत होते. पण खरं सांगायचं तर गाडीचं त्यांना तेवढं लागलं नाही. लोखंडाला काय, ते बदनाम झालं तरी लोखंडच. लागलं ते रामनाथचं. पाचव्या दिवशी तो गॅरेजात आला आणि टेम्पोची किल्ली पुढे करून म्हणाला, "सेठला द्या. मी आता हात लावणार न्हाय गाडीला."

"का रे?"

"बोल्ट गंजले असतील, भाई. पन तोडले मीच ना? थोडा दम धरला असता, तेल सोडलं असतं... रात्री डोळं मिटलं की तिचं वरडणं ऐकू येतं. हे हात बघा." त्याने खरंच हात पुढे केले. पाईपने सोलवटलेले तळवे अजून भरले नव्हते.

लतीफभाईंना ग्रँट रोडच्या गल्लीतले स्वतःचे फोड आठवले. लाज म्हणजे काय, ते त्यांना त्या दिवशी पन्नासाव्या वर्षी कळलं. तरी तोंड उघडलं नाही. किल्ली ठेवून रामनाथ निघून गेला, आणि त्यांनी शटर आतून ओढून घेतलं.

दोन दिवस ते तिच्यावरच राबले. तुटलेल्या बोल्टांत भोकं पाडून तुकडे बाहेर काढले. मुंबईला जाऊन प्लिमथचे दोन बोल्ट आणले. नवं टायर चढवलं. मग रॉकेलचा बोळा घेऊन डाव्या बाजूच्या बाकीच्या आठही बोल्टांवरचा काळा रंग घासून घासून काढला. शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाल्यावर त्यांनी गाडी सुरू केली. पहिल्या झटक्यातच ती चालू झाली. वाटेत रामनाथच्या घरासमोर थांबून ते नुसतं "बस" म्हणाले. तो बसला.

अंजूरला केसरीनाथभाऊंच्या अंगणात डिसोटो येऊन थांबली, तसे भाऊ ओटीवरून उठले. त्यांचा चेहरा असा झाला, की लतीफभाईंना वाटलं, आता हा माणूस आपल्याला हाकलून देणार.

"हिला कशाला आनलीस दारात?"

"भाऊ, दहा मिनटं द्या. मग हाकला."

लतीफभाईंनी मागच्या डाव्या चाकाला जॅक लावला आणि पाना रामनाथसमोर धरला. "खोल."

रामनाथ मागे सरकला. "मी न्हाय."

"खोल, बेटा. पण उलटा फिरव. आवळतो तसा."

रामनाथने त्यांच्याकडे पाहिलं. पाना घेतला, बोल्टावर बसवला आणि भीतभीत उलट्या बाजूला दाबला. टक्क करून बोल्ट सुटला. मग तो पान्याशिवाय, नुसत्या बोटांनी फिरत बाहेर आला आणि रामनाथच्या सोललेल्या तळव्यात पडला.

घराच्या दारात कमळ येऊन उभी होती. बाळंतिणीसारखं डोकं बांधलेलं, चेहरा पांढरा पडलेला, हातात काही नाही.

"गंजले नव्हते," लतीफभाई म्हणाले. "मी खोटं बोललो. डाव्या चाकाचे आटे उलटे आहेत. बनवणाऱ्यांनी तसं लिहून ठेवलंय, त्यावर मी रंग फासला. ह्या पोराने मला विचारलं होतं, मी हसलो. गाडीने काही केलं नाही. रामनाथनेही नाही. मी केलं."

केसरीनाथभाऊ पायऱ्या उतरून आले. रामनाथच्या हातातला बोल्ट घेऊन त्यांनी तो उन्हात धरला, उलटसुलट करून पाहिला.

"येवढंच व्हतं?"

"एवढंच."

म्हाताऱ्याने बोल्ट मुठीत आवळला. तो मारेल, असं रामनाथला वाटलं. लतीफभाईंनाही वाटलं, आणि त्याने मारावं असंच त्यांना वाटत होतं. पण भाऊ मडगार्डला टेकून खाली बसले आणि पंचा तोंडात धरून रडू लागले. रामनाथने पाना टाकला आणि त्यांच्याजवळ जाऊन बसला.

कमळ अंगणात उतरली. सासू आतून "अगं, बाहेर नको" म्हणत होती, तिने ऐकलं नाही. खाली पडलेला पाना तिने उचलला. उरलेल्या चार बोल्टांपैकी एकावर तो बसवला आणि उलटा फिरवला. सुटला. दुसरा सुटला. तिसऱ्याला तिला दम लागला, तेव्हा रामनाथ उठू लागला, पण तिने मानेनेच नको म्हटलं. चौथा सुटून जमिनीवर पडला तेव्हा चाक सैल होऊन किंचित कललं. कुणी घड्याळ लावलं नव्हतं, पण चुलीवरचं दूधही उतू गेलं नसतं, इतकाच वेळ तिला लागला होता.

ती रामनाथकडे वळली. "भाऊ, तुमच्या हातानं न्हाय झालं. मनाला लावून घेऊ नका."



मग तिने लतीफभाईंकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर त्यांना सोपं गेलं असतं.

"चाचा, ही भंगारात न्हाय गेली तर उद्या दुसऱ्या कुणासाठी निघंल, तवा चालवायला तुमीच असाल असं न्हाय. अजून काय काय सांगितलं न्हाय तुमी कुनाला?"

लतीफभाई चाकाशी गुडघे टेकून बसले होते. डोळे पुसायचं त्यांच्या लक्षात आलं नाही. त्यांनी रामनाथला जवळ बोलावलं, बॉनेट उघडायला सांगितलं आणि बोलायला सुरुवात केली.

"ही बॅटरी बघ. सहा व्होल्टची आहे, आणि हिची अधिकची, म्हणजे प्लसची, तार बॉडीला जोडायची. दुसऱ्या गाड्यांसारखी लावलीस तर गाडी मरेल. आणि उन्हाळ्यात पेट्रोल तापून पंप अडला, तर पंपावर ओलं फडकं ठेवायचं. हे पण मी कुणाला सांगितलं नव्हतं. आणि हे बघ..."

कमळ दाराच्या चौकटीला टेकून ते सगळं ऐकत उभी राहिली.