दिवाळीतलं खोबरं

आडकित्ता कट्ट वाजला आणि घरातली शांतता मोडली. शिवकन्याबाईंनी सुपारी फोडली खरी, पण तोंडात टाकली नाही. बाजूला त्यांची गावी न्यायची पिशवी भरून ठेवलेली.

त्यांचा अडीच वर्षांचा नातू श्रीनाथ अजून एक शब्द बोलत नव्हता. त्याच्या एका जीनमध्ये बदल आहे, असं कालच नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. कितपत बोलेल ते सांगता येत नाही. घरातल्यांनी दिवसभर त्याच्याशी बोलत राहायचं. त्याची आई मुग्धा लातूरच्या क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायची. सासूबाई, तिच्या आत्याबाई, गावी गेल्या तर दिवसभर कोण बोलणार?

"माझ्या हातानं झालंय, पोरी. श्री पोटात असताना दिवाळीत सूर्याला गिऱ्हान लागलेलं, अन् चिवड्याचं खोबरं तुला कापाया लावलं. मी नको त्याच्यासमोर."

मुग्धा त्यांच्यापाशी खाली बसली. "आत्याबाई, आमच्या क्लासात सगळ्या पोरांकडं पुस्तक एकच. पण सर सांगतील तोच धडा उघडायचा."

"बाकीचे मिटून?"

"हाव. अंगातल्या प्रत्येक पेशीत जीन तेच असतात. ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर नावाची प्रथिनं जीनवर बसून ठरवतात, कोणता चालू, कोणता बंद. म्हणून एका पेशीची कातडी होते, दुसरीचा मेंदू. मेंदू घडवणाऱ्या अशा सरांपैकी एकाच्या जीनमध्ये बदल झालाय, म्हणून तो आपल्या श्रीकडं निम्माच हजर असतो."

"पगार कापा की मग त्याचा!" बोलून गेल्यावर बाईंनाच हसू आलं, पण टिकलं नाही. "अन् खोबरं?"

"दिवाळीत मला सहावा महिना होता. हा बदल त्याच्या अगदी पहिल्या पेशीतला. तुम्ही विळी हातात दिली त्याच्या कितीतरी आधीचा."

बाईंनी पिशवी जवळ ओढली. "भूकंपात श्रीचा बाप सत्यम माझ्या पोटात होता. गाव म्हणायचं, धक्क्यानं मुकं निपजंल. अन् आता फिजिक्स शिकवतोय, त्याला माईक लागत न्हाई." त्यांनी पिशवीतलं लुगडं काढून दांडीवर टाकलं आणि श्रीला मांडीवर ओढलं. "इकडं बघ रं लबाडा. ही सुपारी. ही काय?"

श्रीनं सुपारीकडं हात नेला. आवाज काही काढला नाही. दारात उभ्या श्रीच्या मोठ्या बहिणीनं, मनूनं, सगळं ऐकलं होतं.

"आई," तिनं विचारलं, "श्री मला ताई कधी म्हणणार?"