न झिजलेल्या वड्या

मित्रांनो, मी मोटरबोटीचा एक जुना स्टर्नड्राइव्ह आहे. नाव अवघड वाटलं तर मला बोटीचा पाय म्हणा. इंजिन बोटीच्या आत बसतं, पंखा पाण्यात फिरतो आणि त्या दोघांना जोडून बोटीच्या पाठीमागे लोंबतो तो मी. बोट काठाला बांधली तरी मी आपला पाण्यातच.

माझं अंग ॲल्युमिनियमचं आणि पंखा पोलादाचा. असे दोन धातू पाण्यात एकत्र राहिले की त्यातला एक झिजतो, आणि तो मीच. म्हणून मला घडवणाऱ्यांनी माझ्या अंगावर मॅग्नेशियमच्या दोन वड्या बसवल्या. पाणी आधी त्यांना खातं आणि माझ्या वाटेला जात नाही. त्या निम्म्या झाल्या की नव्या बसवायच्या, बस्स.

तेव्हा परदेशी माल देशात सहज येऊ लागला होता आणि इंदुरात एकेक मिल बंद पडत होती. शहराबाहेरच्या तलावावर अरविंदजींनी बोट क्लब काढला आणि मला समुद्रापलीकडून मागवलं. माझ्या देखभालीला त्यांनी बंद मिलमधला एक फिटर ठेवला, रघुवीर.

"रघुवीरजी, पुढची बरसात लागेपर्यंत बोट रुकली नाही पाहिजे," अरविंदजी म्हणाले. "मग तुमची नौकरी पक्की."

मला बसवायला मुंबईहून लक्ष्मीकांत मेकॅनिक आला होता. जाताना वड्यांवर बोट ठेवून तो म्हणाला, "या झिजू द्या, भाऊ. झिजल्या की बदला." गाडी पकडायची होती, म्हणून का ते सांगायला तो थांबला नाही.

रघुवीरने माझ्यावर जीव लावला. रोज मला पुसायचा, माझ्याशी बोलायचा. त्याची बायको बेबी डबा घेऊन यायची. एकदा ती काठावर उभी राहून नुसती ऐकत राहिली. "किती दिवसांनी गुणगुणताय हो तुम्ही!" म्हणाली आणि पदराने डोळे टिपले.

काही महिन्यांनी त्याने मला पाण्याबाहेर उचललं. वड्यांना खड्डे पडले होते. मला फार बरं वाटलं, कारण त्या आपलं काम चोख करत होत्या. रघुवीरचा चेहरा मात्र पांढराफटक पडला.

"बेबी, हे बघ. मशीन सडायला लागली."

"अहो, मेकॅनिक बोलला होता ना, झिजू द्या म्हणून?"

"त्याचं काय जातं? मिलमधली माझी मशीन आँखों के सामने सड गई. ताला लागलेला, मी बाहेरून बघत राहिलो. हिला नाही सडू देणार मी."

मिलच्या गणपतीत झांकी, म्हणजे सजवलेला चित्ररथ, निघायची, तेव्हा रंगकाम रघुवीरकडे असायचं. मिल गेली तरी कामगारांनी वर्गणी काढून झांकी काढलीच होती. तिचा उरलेला चंदेरी रंग त्याने आणला. जुन्या वड्या काढून नव्या बसवल्या, आणि मग मला आणि त्या नव्या वड्यांनाही दोन-दोन हात दिले. मिलमध्ये हेच शिकला होता तो. रंग लावला की लोखंड वाचतं.

मित्रांनो, मला ओरडावंसं वाटत होतं. वडी उघडी असेल तरच पाणी तिला खाणार ना! पण यंत्राला कुठली वाचा?

मी झकास दिसू लागलो. अरविंदजींनी अस्सल इंदुरी थाटात रघुवीरची पाठ थोपटली, "भिया, कमाल केली!" आणि वाळूच्या घर्षणाने जिथे जिथे माझा रंग निघाला, तिथून पाणी मला खाऊ लागलं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत, माणसांनी भरलेली बोट ऐन तलावात थांबली. माझ्या अंगाला भोकं पडून पाणी आत शिरलं होतं आणि दातेचक्रं जाम झाली होती. बोट ओढत काठाला आणली. लक्ष्मीकांतला बोलावलं. त्याने माझं तेल काढलं, ते ताकासारखं पांढरं. मग त्याने वडीवरचा रंग खरवडला. खाली वडी जशीच्या तशी होती, नवी कोरी.

"रघुवीरभाऊ, हिने झिजायचं होतं, म्हणजे हा वाचला असता. रंग का लावलात?"

"मी... मी तर वाचवत होतो," रघुवीर म्हणाला.

बेबी डबा घेऊन आली होती. तो न उघडताच दोघं घरी गेली. दुसऱ्या दिवसापासून क्लबवर येऊ नका, असं अरविंदजींनी रघुवीरला सांगितलं आणि मी भंगारात आलो.

मित्रांनो, यंत्राला जीव लावा, पण त्याला कशाने बरं वाटतं तेही विचारून घ्या. आणि सांगणाऱ्यांनो, 'का' हेही सांगा, दोन मिनिटं जास्त लागून गाडी चुकली तरी चालेल. रघुवीरला मात्र कोणी नावं ठेवू नका. माझ्यावर इतकी माया कोणी केली नाही, आणि त्या मायेनेच मी गेलो. याचं दुःख मला माझ्या भोकांपेक्षा जास्त आहे.

परवा तो या भंगाराच्या दुकानात आला होता. मला वाटलं, मला बघायला आला. पण त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. पिशवीतून आपले सगळे पाने काढून त्याने तराजूत ठेवले.

"अरे रघुवीरभिया, औजार कोण विकतं? काम कशाने करशील?" दुकानदाराने विचारलं.

"आता मशीनला हात नाही लावणार," तो म्हणाला आणि निघून गेला.

ते पाने माझ्या शेजारीच पडले आहेत. सगळे तेलाने पुसलेले, एकावरही गंजाचा ठिपका नाही.