दोन बागांमधलं लाल झाड

मित्रांनो, मी लाल पानांचं एक जुनं झाड आहे. हांजुआंग माझं नाव. मला खाण्याजोगं फळ धरत नाही, माझ्या सावलीत कोंबडीसुद्धा बसत नाही, आणि माझं खोड चुलीत नुसतं धुमसतं. तरीही पश्चिम जावातल्या या डोंगरउतारावर माझे भाऊबंद जागोजागी उभे आहेत. आमचं काम एकच. एकाची जमीन कुठे संपते आणि दुसऱ्याची कुठे सुरू होते, हे उभं राहून सांगायचं.

इथे हद्दीला दगड रोवत नाहीत. पावसाळ्यात दगड गडगडत ओढ्यात जातो, नाहीतर कुणीतरी तो उचलून पायरीला लावतं. हांजुआंगची नुसती काडी खोचली तरी मूळ धरते आणि लाल पानं हिरव्या रानात लांबून दिसतात. बागेत लाल झाड दिसलं की तिथे हद्द, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

मला लावलं ते दोन भावंडांनी. ओनाह थोरली, जुह्री धाकटा. बाप गेल्यावर उताराचे दोन भाग झाले. वरच्या कोपऱ्यावर एक लाल झाड आधीपासून होतं. खालचा कोपरा, ओढ्याजवळचा, माझ्या वाट्याला आला. जुह्रीने खड्डा खणला, ओनाहने काडी धरली.

"सरळ धर गं."

"सरळच आहे. तुझी मान वाकडी आहे."

माझ्या जन्माच्या वेळी बोललेले शब्द एवढेच.

पुढे माझ्या दोन्ही बाजूंना लवंगा वाढल्या, केळी वाढल्या आणि भांडणंही वाढली. "जुह्री, तुझी केळ माझ्याकडे वाकलीय. घड माझा!" ओनाह ओरडायची. "घे की! मग तिला पाणीही तूच घाल!" जुह्री तिकडून म्हणायचा. तिची बकरी हद्द ओलांडायची आणि जुह्री तिला कान धरून परत आणून सोडायचा. भांडण फार पेटलं की दोघं माझ्याकडे बघायची आणि गप्प व्हायची. पाहुणा आला तर जुह्री माझ्या खोडावर थाप मारून सांगायचा, "हे आमचं पोलीस ठाणं." तेवढंच काय ते माझं कौतुक.

जुह्रीची एकुलती मुलगी एंतिन. आई तिच्या लहानपणीच गेली होती. मोठी झाल्यावर ती शहरात कपड्यांच्या कारखान्यात शिवणकामाला लागली आणि सणाला तेवढी येऊ लागली.

लवंगा खुडायच्या दिवसांत जुह्री वारला. स्वतःच्या बागेतच पुरावं, असं तो सांगून गेला होता. आमच्याकडे पुष्कळजण तसं सांगून जातात. लवंगांखाली, हद्दीपासून बराच आत, त्याच्यासाठी जागा केली. थडग्याच्या उशाशी आणि पायथ्याशीही आमच्यातलंच झाड लावायची रीत आहे. एंतिन म्हणाली, "काड्या आमच्याच बागेतल्या आणा." ओनाहचा जावई कोसिम कोयता घेऊन आला आणि त्याने माझं डोकं उडवलं. त्या शेंड्याच्या दोन काड्या एंतिनने आपल्या हातांनी बापाच्या थडग्यावर लावल्या. सातव्या दिवसाची प्रार्थना झाली आणि ती कामावर परत गेली.

माझा गुडघाभर खुंट उरला. बाग बेणायला कुणी नव्हतं. नेच्यांचं रान माझ्यावरून गेलं. थडग्यावरच्या माझ्या काड्या मात्र उंच झाल्या, लालभडक झाल्या. त्यात माझं काही दुःख नव्हतं. कापल्यावर आम्ही असेच वाढतो.

मग डांबरी रस्ता मशिदीपर्यंत वर आला. शहरातली माणसं गाडीतून उतरून दरीकडे तोंड करून उभी राहू लागली. ज्या उताराला कसाव्याचे कंद लावायलाही कुणी विचारत नव्हतं, तिथे त्यांना सुट्टीची घरं हवी होती. ओनाहच्या बागेलाही गिऱ्हाईक आलं. त्याला खाली ओढ्यापर्यंतची जागा हवी होती, आणि ओढ्याचा काठ होता जुह्रीच्या वाट्यात.

तेवढ्यात सरकारी मोजणीवाले आले. दोरीचं एक टोक त्यांनी वरच्या झाडाला बांधलं. "खालचं लाल झाड कुठंय?"

कोसिमने थडग्याकडे बोट दाखवलं. ओनाहने एकदा नेच्यांच्या रानाकडे पाहिलं, मग आपल्या चपलांकडे. कोसिमने एंतिनला फोन लावला.

"मोजणीवाले आलेत. लाल झाडं हीच हद्द ना?"

पलीकडे मशिनांची घरघर होती. "हो, हो! लाल झाडं हीच हद्द. दुसरं काय असणार?"

इथलं कुणीही हेच उत्तर दिलं असतं. दोरी तिरकी गेली. ओढ्याकाठचा लवंगांचा सगळा पट्टा ओनाहकडे गेला आणि रंगवलेली खुंटी जुह्रीच्या उशाशी ठोकली गेली.

सणाआधी थडगी साफ करायची असतात. एंतिन त्यासाठी आली. ती खुंटीभोवती एकदा फिरली. मग पलीकडे गेली. ओनाह चटईवर लवंगा वाळत घालत होती.

"उवा," एंतिन म्हणाली. बापाच्या थोरल्या बहिणीला आमच्याकडे उवा म्हणतात आणि बापाला अबा. "अबांच्या उशाशी खुंटी कशी आली?"

"तुलाच विचारलं होतं की. हो म्हणालीस."

"मी हद्दीच्या झाडाचं म्हटलं होतं."

"आणि त्यांनी थडग्याचं घेतलं. तुझा बाप मेला तरी मधे मधे करायची खोड गेली नाही त्याची."

एरवी एंतिन हसली असती. "गिऱ्हाईक तिथून भिंत घालणार?"

"घालणारच. पोरी, तू राहतेस तिकडे. तुला काय करायचाय हा पट्टा? माझं छप्पर बघ. पाऊस आला की अंथरुणाभोवती भांडी मांडते मी."

"पट्टा घ्या, उवा. लवंगाही घ्या. अबांच्या डोक्यावर भिंत नको. खुंटी तेवढी बाजूला सरकवा."

ओनाहचे हात थांबले. "अशी काय मागतेस भिकाऱ्यासारखी? भांड की! तो असता तर गाव गोळा केलं असतं त्याने."

"कुठून भांडू? खरी हद्द कुठे आहे, हेच मला माहीत नाही. अबा दर खेपेला म्हणायचे, चल दाखवतो. मी म्हणायची, पुढच्या वेळी."

ओनाहने लवंगा पुन्हा पसरायला घेतल्या. त्या आधीच नीट पसरलेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेच्यांत विळ्याचा आवाज आला. फार दिवसांनी माझ्या अंगावर ऊन पडलं. समोर ओनाह होती, धापा टाकत, ओढणीने मान पुसत.

"एंतिन! उठलीस का गं? इकडे ये!"

एंतिन आली. ओनाहने विळ्याच्या टोकाने मला दाखवलं.

"हे ते. मी धरलं आणि त्याने माती लोटली. इथून सरळ वर. चाल माझ्या मागून आणि नीट बघ. मी काही जन्माला पुरणार नाही."

दोघी चढू लागल्या. ओनाह थांबून थांबून बोलत होती. "ही लवंग तुझी. ही माझी. ही वाकडी आहे ना, ती तुझी, पण फांद्या माझ्याकडे. पावसात ओढा सरकतो, म्हणून हद्दीसाठी ओढ्याकडे बघायचं नाही." एंतिन प्रत्येक झाडाला हात लावत तिच्या मागून जात होती. मग आत वळून थडग्यापाशी ओनाहने खुंटी हलवून हलवून उपटली, मातीतला खळगा पायाने बुजवला आणि तिथेच खाली बसून भावाच्या अंगावरचं गवत काढू लागली.

पुढे कोसिमला कचेरीत खेटे घालून मोजणी पुन्हा करून घ्यावी लागली. ओढा मिळत नाही म्हटल्यावर गिऱ्हाईक दुसऱ्या उतारावर गेलं. ओनाहचं छप्पर अजून गळतं. हेही सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल की सगळं चांगलं झालं.

मला पुन्हा फुटवे आले आहेत. मित्रांनो, झाडाने मागून मागायचं ते काय! माझ्याभोवतीचं रान अधूनमधून काढत जा. आणि तुमच्या घरातलं कुणी म्हातारं माणूस उठून चपला शोधू लागलं, "चल, आपली शीव दाखवतो," म्हणालं, तर हातातलं काम तसंच ठेवा आणि त्यांच्या मागोमाग जा.