अंगठा वर का खाली

मोहाडीचा बाजार करून मंदाबाई घरी आली, तेव्हा तिच्या एकाच पायात चप्पल होती आणि ते तिला माहीतच नव्हतं. इश्वर, तिचा नवरा, पडवीत दोर वळत बसला होता. त्यानं आधी पिशवीकडे पाहिलं, मग पायांकडे.

"एक चप्पल कोठी ठेवली वं?"

मंदाबाईनं खाली पाहिलं. उजवा पाय धुळीनं पांढरा झाला होता. टाचेत बाभळीचा काटा मोडलेला, भोवती थोडं रक्त सुकलेलं. पाय तिचाच, पण दुसऱ्या कुणाचा असावा तसा गप्प.

गप्प तो होळीपासूनच होता. आधी तळव्यांना मुंग्या आल्या. मग मुंग्या गेल्या, आणि जाताना जणू तळवेच घेऊन गेल्या. जीभ लाल, गुळगुळीत झाली. तिखटाचा घास घेतला की डोळ्यांत पाणी यायचं. दिवसा ती पायांकडे बघत चालायची म्हणून निभायचं. दिवेलागणीला मात्र तोल जायचा. दारूबंदीच्या मोर्चात पुढे चालणारी मंदाबाई भिंत धरत घरी जाते, हे आळीनं पाहिलं, आणि हापशीवर कुणीतरी बोललंच, "मोहाची लागली वाटते बुढीले."

ते ऐकून तिनं संध्याकाळचं बाहेर पडणं सोडलं. पण खरी भीती वेगळी होती, ती तिनं कुणालाच सांगितली नव्हती. धानाचा रोवणा दीड महिन्यावर आला होता.

धानाच्या बांधीत चिखलात बायांची ओळ वाकून उभी राहते, पऱ्हे, म्हणजे कोवळी रोपं, रोवते आणि मागं मागं सरते. समोर हिरवं होत जातं; पाठीमागे काय आहे ते कुणी बघत नाही. खड्डा आला, खेकड्याचं बीळ आलं, बांधीच्या कडेचा धुरा जवळ आला, सगळं तळपाय सांगतात. ओळीच्या टोकाला जी बाई असते तिच्यावरून बाकीच्या सरळ राहतात, गाणंही तिनंच उचलायचं. एकवीस वर्षं ते टोक मंदाबाईचं होतं.

मांगं मांगं सर बाई, पुढं हिरवं होते,
पायाखालची माती माय पाय ओळखते.

आता माती ओळखत असेलही, पण पाय मातीला ओळखत नव्हता.

काटा काढायला इश्वर तिला गावातल्या आरोग्य उपकेंद्रात घेऊन गेला. तिथल्या रीना सिस्टरनं चिमट्यानं काटा ओढला. मंदाबाई हलली नाही, तशी रीना थांबली.

"मावशी, दुखलं नाही?"

"नाई."

"डोळे झाका बरं." तिनं मंदाबाईच्या पायाचा अंगठा दोन बोटांत धरून हलवला. "सांगा, वर नेला का खाली?"

"वर."

"खाली होता. आता?"

पाचांतले दोन बरोबर आले, तेही अंदाजानं. रीनानं खुर्ची पुढे ओढली.

"मावशी, मासोळी, अंडी खाता?"

"सात साल झाले सोडून. रुपाले लेकरू होऊ दे म्हणून नवस केला होता."

"झालं ना मग तुमच्या लेकीला?"

"गुड्डी पाच वर्साची झाली."

"अन् नवस?"

"तो तवाच फिटला. पण तोंडाची सवय मोडली ते मोडलीच."

"दूध?"

"डेअरीले जाते."

"आणि तुमचा चहा?"

"कोरा," इश्वर म्हणाला आणि मान खाली घातली. त्याचा चहा दुधाचा असायचा.

भंडाऱ्याला रक्त तपासलं. बी-ट्वेल्व्ह जवळजवळ संपलेलंच निघालं. डॉक्टरांनी लिहून दिलं: एक दिवसाआड सात इंजेक्शनं, मग चार आठवडे आठवड्याला एक, मग महिन्याला एक. रीनानं पहिलं इंजेक्शन भरलं. औषध लालभडक होतं.

"रक्तच टाकून राहिली का वं?"

"रक्त नाही, मावशी. नसांना लागते ते. पण नसा हळू भरतात, आधी अंगात ताकद येईल. मधातच सोडून द्याल तर पाहा!" मग ती इश्वरकडे वळली. "काका, अंगठ्याचं मी केलं तसं रोज घरी करा. मला सांगत जा."

पहिल्या दिवशी मंदाबाईनं पाय ओढून घेतला. "नवऱ्यानं बायकोच्या पायाले हात लावावं? मले पाप लागन."

"लागलं तं अर्धं मी घेतो," इश्वर म्हणाला. "डोळे झाक."

तीस वर्षांच्या संसारात त्यानं 'कसं वाटते' असं कधी विचारलं नव्हतं. आता रोज उजेड असेपर्यंत तो पडवीत बसायचा, तिचा पाय मांडीवर घ्यायचा आणि परीक्षा घेणाऱ्या मास्तरासारखा विचारायचा, "वर का खाली?"

चार सुया झाल्या आणि जिभेची आग थांबली. सात झाल्या आणि ती पाण्याचे दोन भरलेले गुंड डोक्यावर उचलायला लागली. भूक लागू लागली. अंगठा तेवढा मुका राहिला. आणि मग एका संध्याकाळी मंदाबाईच्या ध्यानात आलं: अंगठा वर नेताना इश्वरची हनुवटी वर जाते, खाली नेताना खाली येते. पापण्यांत दोऱ्याएवढी फट ठेवली की पुरे.

त्या दिवशी दहापैकी दहा आले. इश्वर उठून थेट सुमनबाईच्या दारात गेला. बायांची टोळी सुमनबाईच जमवायची.

"टोकाले माही बायको येते," त्यानं सांगितलं.

"थे येते का तुमी पाठवता?" सुमनबाईनं विचारलं, पण ती हसत होती.

आठवड्याला एक अशा दोन सुया घेतल्या आणि रोवणा लागला. तिसऱ्या सुईच्या दिवशी मंदाबाई म्हणाली, "आता कायले?" दहापैकी दहा मोजून बसलेल्या इश्वरनंही आग्रह केला नाही.

बांधीत उतरल्यावर पहिल्या दोन ओळी पार पडल्या. तिसरीला तिनं गाणं उचललं, एक पाऊल मागं टाकलं, आणि पावलाखाली खेकड्याचं बीळ होतं. पायानं काहीच सांगितलं नाही. हातातल्या पऱ्ह्यांसकट ती उताणी चिखलात पडली. गाणं तुटलं, ओळ वाकडी झाली.

"सकाळीच घेतली का वं?" कुणीतरी हसलं.

"तोंड धू आधी आपलं!" सुमनबाई कडाडली. तिनं मंदाबाईला काखेत हात घालून उठवलं. "निसटलं का वं?"

हो म्हटलं असतं तर भागलं असतं. चिखलात कुणीही घसरतं. मंदाबाई उभी राहिली, केसांतून पाणी गळत होतं.

"नाई निसटलं. माहे पाय मले काहीच सांगत नाई, सुमनबाई. घरच्याले मी खोटं सांगतलं."

सुमनबाईनं पऱ्ह्यांच्या जुड्यांकडे हात केला. "धुऱ्यावर बस. जुड्या फेक. टोकाले मी राहतो. अन् गाणं तूच उचलजो, गळ्याले तं मुंग्या नाई आल्या ना?"

संध्याकाळी तिनं इश्वरला सगळं सांगितलं.

"माही हनुवटी?" त्यानं हनुवटीवर हात ठेवला. "मी मारुतीले नारळ फोडून आलो नं वं!"

मग खांद्यावरचा दुपट्टा काढून त्यानं तिच्या डोळ्यांवर बांधला, गाठ दोनदा ओढली. "उद्या सुईले जायचं. मी संग येतो. आता सांग, वर का खाली?"

दुपट्ट्याआड घामाचा नि बैलांचा वास होता, बाकी सगळा काळोख.

"नाई समजत," ती म्हणाली.

"बरं," इश्वर म्हणाला, आणि दुसरा पाय घेतला.

रीना सिस्टर रागावली, आणि सुटलेल्या सुया पुन्हा सुरू झाल्या. इश्वरनं पातेल्यातलं दूध डेअरीआधी घरासाठी बाजूला काढायला सुरुवात केली. एका रविवारी सुमनबाईनं अंड्याची भाजी पाठवली. मंदाबाईनं पहिला घास नाक मुरडून खाल्ला, दुसरा तसाच खाल्ला. महिन्याच्या सुया लागल्या. दुपट्ट्याआडून उत्तर एकच यायचं, 'नाई समजत', आणि ते खरं असायचं.

धान निसवला, लोंब्या बाहेर पडल्या, तेव्हाची गोष्ट. इश्वर बोडीच्या पाण्यात बैल धुऊन आला, तसाच पडवीत बसला. दुपट्टा बांधला, पाय मांडीवर घेतला. अजून अंगठा हलवलाही नव्हता.

"अजी," मंदाबाई म्हणाली, "हात बम थंडा आहे तुमचा."

इश्वरचा हात होता तिथंच राहिला.

"कोणता पाय धरला मी?"

"डावा." ती म्हणाली. "उजवा गप्पच आहे अजून."

"राहू दे त्याले," इश्वर म्हणाला, आणि हात अजून थंड असतानाच डाव्या पायाचा अंगठा धरला.