सातवा ठोकळा

हौदात सहा ठोकळे असायला हवे होते, आणि होते सात.

सविता तायडेनं पुन्हा मोजले. नगरपरिषदेची ती कनिष्ठ अभियंता, मोजायचाच पगार घेणारी. चोपड्याच्या पुढं सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या या निमशहरी गावात पाण्याची उंच टाकी उभी राहिली होती आणि पुढच्या सोमवारी नगरसेवकांची पाहणी समिती ती बघायला येणार होती. काँक्रीट ओतलं की त्याच मालातून सहा इंची सहा ठोकळे अभियंत्यासमोर भरायचे, अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवायचे आणि मग धुळ्याच्या प्रयोगशाळेत यंत्राखाली फोडायचे, म्हणजे मालात किती दम आहे ते कळतं, असा नियम. हौदात होते ते टाकीच्या वरच्या घुमटाचे. सातवा कुणाचा?

तिनं बाही सारून तो बाहेर काढला. मेच्या उन्हात हौदाचं पाणी कोमट झालेलं, ठोकळा मात्र गार होता. वरच्या बाजूला खिळ्यानं कोरलं होतं: '११ जानेवारी. खालची तुळई. ताई गैरहजर.'

अक्षर भटूआबांचं होतं. आणि भटूआबांना जाऊन चार महिने होत आले होते.

भटूआबा म्हणजे या कामावरचे म्हातारे गवंडी. ठोकळा ओला असतानाच त्यावर तारीख, जागा आणि 'ताई हजर' असं कोरायची त्यांची सवय. मजूर हसायचे, म्हणायचे, आबा शाळेचं हजेरीबुक भरतात. सवितालाही गंमत वाटायची, कारण तोवर ती प्रत्येक वेळी हजर असायची.

अकरा जानेवारीला मात्र नव्हती. टाकीचं सगळं पोट ज्या गोल तुळईवर टेकतं, ती त्या दिवशी ओतली गेली, आणि सविता जळगावला मेहरूण तलावावर आपल्या सहा वर्षांच्या पुनमला होडीत बसवत होती. तीन रविवार चुकवल्यावर चौथा तिला चुकवता आला नाही. दुसऱ्या दिवशी ठेकेदार कुंदनशेठनं नोंदवही पुढं केली, "ताई, सही राहिली," आणि तिनं 'समक्ष' या शब्दाखाली सही ठोकली. धुळ्याला गेलेले ठोकळे कुंदननं आपल्या वखारीत वेगळा तगडा माल कालवून भरले होते, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिनंही विचारलं नव्हतं. ते ठोकळे थाटात पास झाले.

टाकीच्या पायाशी अंगणवाडी होती, बेचाळीस पोरांची.

"हा कुणी आणून टाकला?" तिनं रखवालदार तोतारामला विचारलं.

"कोनी उनं नही, ताई. मी रातभर आठेच व्हतू."

तिनं त्याच्याकडून ठोकळा नाल्यात टाकवला. दुसऱ्या दिवशी हौदात सात. बुधवारी तिनं तो पोत्यात घातला, स्कूटीच्या पायाजवळ ठेवला, पंचवीस-तीस किलोमीटर जाऊन तापीच्या पुलावरून स्वतःच्या हातानं सोडला. त्यावर पाणी मिटताना पाहिलं. गुरुवारी सकाळी हौदाशी आली तेव्हा पाय आपोआप सावकाश पडायला लागले. सात. सातव्याच्या कडेला बारीक वाळू आणि नखाएवढा एक शिंपला चिकटलेला होता. ती घाबरली. वाईट याचं वाटत होतं की घाबरण्याआधी तिला लाज वाटली.

मग तिला संशय आला, आणि संशय आल्यावर बरंही वाटलं. माणूस करत असेल तर त्याला समजावता येतं, दटावता येतं. भटूआबांची बायको दगडीबाई गावाच्या टोकाला एकटीच राहायची. सविता तिच्या दारात जाऊन उभी राहिली.

"मावशी, आबांचा एक ठोकळा होता का हो घरात?"

दगडीबाईनं तिला खाटेवर बसवलं, पाणी दिलं. मग शांतपणे म्हणाली, "व्हता ना. त्या दिन तुमी उन्यात नही, मनीसन त्यासनी खऱ्या मालना भरी ठेवा. म्हनेत, माल कच्चा शे, ताईले दाखाडनं शे. दोनदा हाफिसमा उनात. तुमी भेटन्यात नही."

सविताला ते दोन्ही दिवस आठवले. दोन्ही वेळा तिनंच शिपायाकडून सांगितलं होतं की ताई मीटिंगमध्ये आहेत. मीटिंग नव्हतीच. म्हाताऱ्याला काय म्हणायचंय ते तिला अंदाजानं कळत होतं, आणि कळू नये म्हणून ती आत बसून राहिली होती.

"आता कुठं आहे तो?"

"आबा गयात. मंग राख सोडाले गऊत तधय तोबी सोडी दिधा. तापीमा."

सवितानं पेला खाली ठेवला. तापीचं तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं, तोतारामलाही नाही.

दगडीबाईनं खाली वाकून पाहिलं. खाटेखाली ठोकळे भरायचा लोखंडी साचा होता, आबांचा स्वतःचा. त्याच्या आतल्या कडांना ओली वाळू होती. "रोज सकायले वला ऱ्हास," ती हळूच म्हणाली. "मी पुसस. दुसऱ्या दिन फिरी वला." तिच्या बोलण्यात भीती नव्हती. सविताला ते त्या वेळी विचित्र वाटलं, एवढंच.

सोमवारी अकरा वाजता समिती आली. अध्यक्ष होत्या कलाबाई. तिसऱ्यांदा निवडून आलेल्या, आणि सभेत प्रत्येक कागद मोठ्यानं वाचून घेतल्याशिवाय सही न करणाऱ्या. एवढ्यासाठी सगळं सभागृह त्यांची चेष्टा करायचं, आणि कलाबाई हसून म्हणायच्या, वाचा पुन्हा. दोन नगरसेवक जिन्यावर चढून खाली आले. टाकीखाली अंगणवाडीची पोरं खिचडीच्या ताटल्या वाजवत होती. नारळ, हळदकुंकू, सगळं तयार होतं. सवितानं दाखल्यावर सही केली की दुपारी पाणी चढणार होतं.

कलाबाई हौदापाशी थांबल्या. बोटानं मोजू लागल्या.

"सहा लिखेल शेतस ना? आठे सात शेतस."

"जुना पडीक असेल, अक्का," कुंदन पुढं झाला. "मी उचलायला सांगतो."

"ऱ्हाऊ द्या." त्यांनी तोतारामला सातवा काढायला लावला आणि कठड्यावर ठेववला. "काही लिखेल शे यावर. मना चष्मा घर ऱ्हायना. वाचा ताई, जोरमा."

सवितानं ठोकळ्याकडं पाहिलं. काहीही वाचता आलं असतं. 'घुमट' म्हटलं असतं तरी चाललं असतं, समितीतले बाकीचे दोघं नारळाकडं बघत होते. कुंदन तिच्याकडं एकटक पाहत होता. नोकरी गेली तर म्हातारी आई आणि पुनम, दोघींना कुठं न्यायचं ते तिला माहीत नव्हतं. आणि तरीही तिच्या डोळ्यांपुढं आबा आले, ऑफिसच्या बाकावर मांडीवर पोतं घेऊन बसलेले. ते तिची तक्रार करायला आलेच नव्हते. तिलाच सांगायला आले होते.

"अकरा जानेवारी," तिनं वाचलं. "खालची तुळई." मग तिनं पुढचं वाचलं. "ताई गैरहजर."

"मंजे?"

"मी नव्हते, अक्का. सही खोटी आहे. धुळ्याला गेले ते ठोकळे या टाकीचे नव्हते. हा आहे."

कलाबाईंनी पदर खोचला, अंगणवाडीच्या दारात गेल्या आणि सेविकेला म्हणाल्या, "पोरे उचला. बठ्ठी, एकबी मांगे नको. समाजमंदिरमा."

दुसऱ्या दिवशी तो ठोकळा पोत्यात घेऊन सविता समितीसोबत धुळ्याला गेली. यंत्राचा काटा निम्म्यावरही पोचला नाही आणि ठोकळ्याचा भुगा झाला. आत ओल होती, वाळूच वाळू. परत आली तेव्हा निलंबनाचा कागद टेबलावर होता. तिनं तो घेतला आणि घरी जायच्या आधी दगडीबाईकडं गेली. एक चांगली गोष्ट कुणाला तरी सांगायची होती.

"मावशी, टाकी भरणार नाहीत आता. तुळई फोडणार आहेत. आबांचं म्हणणं पोचलं."

दगडीबाई खाटेजवळ जमिनीवर बसली होती. साचा तिच्या मांडीवर होता. तिनं त्याच्या आतून बोट फिरवून सविताला दाखवलं. बोट स्वच्छ होतं.

"आज साचा सुका शे," ती म्हणाली. "आते आबा येवाव नहीत."

सविताला तेव्हा कळलं की ही बाई रोज पहाटे पुसत होती ती आबा येऊन गेल्याची खूण होती. आणि त्यांचं येणं थांबू नये म्हणून तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. ती दारातच खाली बसली.

दगडीबाईनं तांब्या जवळ ओढला, ओंजळीत पाणी घेतलं आणि हळूहळू साच्यात सोडलं.