निर्धोक बाग

"काय हरवलं हो, हॉर्न?" मी कुंपणावरून विचारलं.

शेजारचे निवृत्त बसचालक बागेत चक्क रांगत होते. उभ्या नोकरीत त्यांनी कधी हॉर्न वाजवला नाही, म्हणून सगळे त्यांना हॉर्न म्हणत. एकदा रस्त्यात बसलेली म्हैस उठेपर्यंत ते बस थांबवून बसले. तोवर आतल्या दोन प्रवाशांचं लग्न जमलं म्हणतात.

"हरवलं काही नाही. नातीच्या उंचीवरून बघतोय."

त्यांची मुलगी पुन्हा कामावर जाणार होती. नातीला दिवसभर आजोबा सांभाळणार, पण बाग निर्धोक झाली तरच. नाहीतर नात मुलीच्या सासूबाईंकडे, दूरच्या गावी.

"आईच्या बागेत विषारी झाडं आहेत, बाबा. तेवढी काढा," मुलगी फोनवर म्हणाली होती.

"कुठली?"

"मला काय माहीत? आईला विचा..."

आणि तिने फोन ठेवून दिला.

वहिनींना जाऊन फार दिवस झाले नव्हते. बाईंच्या हाताला असा गुण, की माझी छत्री त्यांच्या अंगणात विसरली तर सकाळी दांड्याला कळी आलेली! हॉर्न मात्र आयुष्यभर त्या बागेतून फक्त फाटकापर्यंत गेले.

"ही कण्हेर विषारी. एवढं मलाही कळतं," मी म्हणालो.

"आणि बाकीची?"

"फोटो पाठवून विचारा की कुणाला."

"त्याची चूक झाली तर?"

त्यांनी कुदळ घेतली. आधी हौद बुजवला, मग कण्हेर काढली, मग थांबलेच नाहीत. रडले असते तर मी एखादी थाप मारून हसवलं असतं. पण चेहरा कोराच. संध्याकाळी फाटकाबाहेर झाडांचा ढीग आणि आत नुसती चाळलेली माती.

रविवारी मुलगी आली. कडेवर नात, खांद्यावर बॅग.

"बाबा! मोगरा पण? अहो, पुदिना पण?"

"मला ओळखता येईनात गं."

मुलगी त्या मातीकडे बघत राहिली. बॅग खांद्यावरच. मी कुंपणाआड श्वास रोखून उभा. मग ती खाली बसली आणि तिने नातीच्या पायातले बूट काढले.

पोर मातीत उतरली आणि थेट पलीकडच्या भिंतीकडे निघाली. हॉर्न तिच्या मागे गेले, पण जरा बाजूने, तिच्या उमटलेल्या पावलांवर पाय पडू नये म्हणून.