विड्याचा मान

मी एक जुना पितळी पानाचा डबा आहे, मित्रांनो, आणि मला राग आलेला आहे. आत्मवृत्त सांगणाऱ्या जुन्या वस्तू कशा मऊ बोलतात, उसासे टाकतात, ते मला ठाऊक आहे. माझ्याकडून तसली अपेक्षा ठेवू नका. माझा राग दीडशे वर्षांचा होत आला, आणि तो अजून जिरलेला नाही.

कल्याणातल्या एका तांबटानं मला ठोकून ठोकून घडवलं. वरच्या ताटलीत सहा खण, चुना, कात, सुपारी, लवंग, वेलची आणि बडीशेप यांचे. खाली ओल्या फडक्यात पानं आणि लावून ठेवलेले विडे. घाटात आगगाडी चढायला लागली होती, त्या काळातली ही गोष्ट. मला करवून घेतलं ते कोंडगाव संस्थानच्या राजेसाहेबांनी. संस्थान एवढंसं, कल्याणच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याशी काही गावं आणि खाडीकाठी आडखार नावाचं एक मिठागरांचं गाव. पण रुबाब असा की विचारू नका.

राजेसाहेबांनी मला गोपीनाथरावांच्या हाती दिलं. गोपीनाथराव म्हणजे संस्थानचे वकील. कोर्टात भांडणारे वकील नव्हेत हो. आता दिल्लीत परराष्ट्रमंत्री असतात ना, दुसऱ्या देशांशी बोलणी करणारे, आपल्या माणसांची बाजू परक्यांपुढे मांडणारे? आमच्या टीचभर राज्यात ते काम वकिलाचं. आमचं परराष्ट्र म्हणजे ठाण्याचा इंग्रज एजंट. त्याच्या मनात आलं तर गाव राहील, नाहीतर जाईल. म्हणून गोपीनाथराव ठाण्यातच, मासुंदा तळ्याजवळ बिऱ्हाड करून राहत.

बोलण्यांची एक रीत होती, ती नीट समजून घ्या. गोपीनाथराव एजंटाच्या बंगल्यावर गेले की मला टेबलावर ठेवत. मग बोलणं होई. सगळं बोलून संपलं की साहेब माझ्यातला एक विडा वकिलांना देई, वकील एक विडा साहेबाला देत, आणि बैठक उठे. विडा दिला म्हणजे बोलणं संपलं. त्यानंतर कामाचा एक शब्द काढायचा नाही. काढला तर तो माणूस याचक ठरला, आणि त्याचं राज्यही.

गोपीनाथराव या कामात तयार माणूस, हे मी रागातही कबूल करतो. एकदा खाडीवरची आमची तर, म्हणजे माणसं पैलतीराला नेणारी नाव, सरकारजमा करायची टूम निघाली. म्हाताऱ्या साहेबाला कंटाळा आला, त्याचा हात माझ्याकडे वळला की गोपीनाथराव कधी त्याच्या घोड्याची चौकशी करत, कधी विलायतेतल्या थंडीची. विडा काही देऊ देईनात. शेवटी जेवणाची वेळ टळून गेली तेव्हा साहेब म्हणाला, "ठेवा बाबा तुमची तर." त्या दिवशी मला स्वतःचा केवढा अभिमान वाटला होता.

मग म्हातारा साहेब गेला आणि नवा आला. त्याच सुमाराला सरकारनं खाडीकाठची लहान मिठागरं मोडायची ठरवली. लहान आगरांवर पहारा ठेवणं परवडत नाही, चोरून मीठ जातं, असं त्यांचं म्हणणं. आडखारचं नावही त्यात आलं. गावाच्या वतीनं आवडाबाई ठाण्याला आली. नवऱ्यामागं आगर तीच बघायची. चालत आली होती, पायांना खाडीचा चिखल वाळून चिकटलेला. ओसरीच्या पायरीवर उभी राहून म्हणाली, "वकीलदादा, मिठागर मोडलं त आमी करावं काय? खाऱ्या जमिनीत भात नाय पिकत. पोरांना काय चिखल देऊ खायाला?"

"सरकारला पहारा हवा ना? तो संस्थान आपल्या खर्चानं ठेवील. राजेसाहेबांना विचारलंय मी," गोपीनाथराव म्हणाले. "तू घाबरू नकोस. बोलणं हेच तर माझं काम आहे."

तोडगा चांगला होता. फक्त तो साहेबाच्या कानावर घालायचा होता. तेवढंच काम, मित्रांनो, तेवढंच.

ठरल्या दिवशी आवडाबाई बंगल्याच्या फाटकाशी थांबली आणि आम्ही आत गेलो. नवा साहेब तरुण, उत्साही. एतद्देशीय लोकांना विडा दिला की मान दिल्यासारखं होतं, एवढं त्यानं कुठंतरी ऐकलं होतं. कधी द्यायचा ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं. सांगायचं काम शिरस्तेदार सहदेवपंतांचं. त्यांचं उभं आयुष्य त्या कचेरीत गेलेलं, रीत तोंडपाठ. पण नव्या साहेबाच्या चुका काढून त्याची मर्जी कशाला घालवा, म्हणून हे गृहस्थ छताच्या पंख्याकडे बघत उभे राहिले. त्यांचं तोंड काय कुणी शिवलं होतं?

गोपीनाथराव खुर्चीवर टेकतात न टेकतात तोच साहेबानं माझं झाकण उघडलं, एक विडा उचलला आणि हसून पुढे धरला. "घ्या, वकीलसाहेब," तो तोडक्या मराठीत म्हणाला. "तुमचा मान."

गोपीनाथरावांचा चेहरा उतरला. साहेब मात्र हात गुडघ्यांवर ठेवून, त्यांचं ऐकायला म्हणून पुढे झुकून बसला होता. मला दिसत होतं ते. त्यांनाही दिसत होतं. चुकलाय हो तो, अडाणी आहे, त्याला सांगा की विडा शेवटी असतो. एक वाक्य! पण गोपीनाथरावांच्या डोक्यात दुसरंच चाललेलं, कोंडगावच्या वकिलाला एक शब्द बोलू न देता निरोप दिला. त्यांनी विडा घेतला, उठले, वाकून मुजरा केला आणि मला काखेत मारून बाहेर आले. मागं साहेब बावचळून बघत राहिला.

फाटकाशी आवडाबाई पुढे झाली. "काय बोलला सायब?"

"बोलणं झालंच नाही. त्यांनी आधीच विडा दिला."

"मंग विडा ठेवाचा बाजूला, आन बोलाचा."

"तसं करता येत नाही, बाई. राज्याचा मान असतो."

"आन आमचं पोट?" तिनं विचारलं. गोपीनाथराव मासुंद्याच्या दिशेनं चालू लागले.

पुढचं सांगताना माझं पितळ अजून तापतं. खलिते सुरू झाले. ठाण्याहून कोंडगावला, कोंडगावहून ठाण्याला. साहेबानं अवेळी विडा देऊन संस्थानचा अपमान केला, त्याबद्दल दिलगिरी पाहिजे, ती कोणत्या शब्दांत पाहिजे, ती लेखी की तोंडी, दरबारात की बंगल्यावर. गोपीनाथराव रोज नवा मसुदा करत. एकाही खलित्यात मीठ हा शब्द नव्हता. कारकुनानं एकदा भीतभीत आठवण केली तर म्हणाले, "आधी मानाचं मिटू दे. मिठाचं आत्ता काढलं तर आपली बाजू लंगडी पडेल."

तोवर आडखारला मजूर आले. त्यांनी आगरांचे बांध फोडले. भरतीचं पाणी आत शिरलं आणि तयार झालेलं पांढरं मीठ घेऊन गेलं. गावातली निम्मी माणसं मुंब्र्याच्या डोंगरात खडी फोडायला गेली, उरलेली खेकडे धरून दिवस काढू लागली.

आणि गोपीनाथराव जिंकले! पावसाळा सरल्यावर साहेबानं त्यांना बंगल्यावर बोलावलं, उभं राहून दिलगिरी व्यक्त केली आणि म्हणाला, "वकीलसाहेब, हे मला त्याच दिवशी का नाही सांगितलंत? मी तर तुमच्या बोलण्याची वाट बघत होतो."

मग गोपीनाथरावांनी मिठागराचा विषय काढला.

साहेबाला खरंच आश्चर्य वाटलं. "ते तर मोडलं. तुम्ही काही बोलला नाहीत, मी समजलो तुमची हरकत नाही. पहाऱ्याची सोय होणार होती तर मी ते ठेवलं असतं." एवढं बोलून त्यानं विडा दिला. या वेळी अगदी रीतीप्रमाणे, शेवटी.

राजेसाहेबांनी वकिलांना शेला पाठवला. इंग्रजाला नमवणारा वकील म्हणून ठाण्यात वाहवा झाली. घरी पानसुपारी झाली, प्रतिष्ठित मंडळी बैठकीवर बसली, मी मधोमध, चिंचेनं घासून लखलखीत. तेवढ्यात आवडाबाई दारात आली. कुणीतरी तिलाही एक विडा देऊ केला. तिनं तो घेतला नाही. ती सरळ आत आली, पदराची गाठ सोडली आणि माझ्या सहाही खणांत मीठ ओतलं. चुन्यावर, कातावर, वेलचीवर, सगळ्यावर.

"आडखारचं शेवटचं हाय," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "तुमच्या विड्याचा मान ऱ्हायला, वकीलदादा. आता ह्ये घालून खावा."

ती निघून गेल्यावर गोपीनाथरावांनी स्वतः माझं झाकण लावलं आणि मला माळ्यावर ठेवायला सांगितलं. मीठ काढायचं त्यांना सुचलं नाही, की धीर झाला नाही, मला माहीत नाही. ते मीठ ओलावा धरत गेलं आणि मला आतून खात गेलं. दोन खणांना भोकं पडली आहेत, बाकीचे हिरवे पडलेत.

आता तुमच्यापैकी कुणीतरी मला खाली काढलंत आणि चिंच घेऊन घासायला बसलात. जुन्या वस्तू जपाव्यात असं तुम्हाला शिकवलंय, चांगलं आहे. बाहेरून हवं तितकं घासा. आतलं हिरवं काढू नका, ते माझं नाही, आडखारचं आहे. आणि खरंच काही जपायचं असेल तर हे जपा. उद्या तुमच्यातलं कुणी चार माणसांच्या वतीनं बोलायला परक्याच्या दारात जाईल. वर्गाच्या वतीनं जाल, गावाच्या वतीनं जाल, कुणी सांगावं, देशाच्या वतीनंही जाल. तिथं कुणी चुकून, नाहीतर मुद्दाम, मान म्हणून तुमच्या तोंडात विडा कोंबला, तर लाजू नका, उठू नका. तो तिथंच थुंका आणि बोला.